एकच डाय-संच, दोन काडतुसं: .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमचा परत परत होणारा घोळ

वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्यांची, म्हणजे रिलोडिंग करणाऱ्यांची, तक्रार साधारण अशी असते. गेल्या आठवड्यात .३८ स्पेशल भरली, सगळी झकास झाली. या आठवड्यात त्याच डायवर (प्रेसमध्ये बसणारा, पुंगळीला आकार देणारा साचा) .३५७ मॅग्नम घेतली, तर पहिल्याच चार-पाच पुंगळ्या तोंडाखाली फुगल्या आणि एक तर चक्क दुमडली. खटपट करून डाय वर घेतली, मॅग्नम जमली. मग पुन्हा .३८ कडे वळलो, तर आता गोळी बोटाने दाबली तरी आत जाते आणि तोंडाची कड सिलिंडरमध्ये अडकते. दर अदलाबदलीला हेच. डायच्या डब्यावर तर दोन्ही नावं छापलेली आहेत, मग डाय खराब आहे का?

डाय खराब नसते. डब्यावरचं खोटंही नसतं, फक्त अर्धं असतं. संचातल्या तीन डायपैकी (सायझिंग, एक्सपांडर, सीटिंग) पहिलीलाच दोन्ही काडतुसं सारखी वाटतात. उरलेल्या दोघी पुंगळीच्या तोंडावर काम करतात, आणि दोन्ही काडतुसांची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असतात.

हे लिखाण अमेरिकेत कायदेशीरपणे रिलोडिंग करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. तिकडे घरच्या बाकावर प्रेस लावणं हा साधा छंद आहे. भारतात तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना म्हणजे काडतुसं भरायचा परवाना नव्हे. तेव्हा पुण्या-नाशकातल्या परवानाधारकांनी हे माहिती म्हणून वाचावं, इतकंच. शब्दांचंही आधीच सांगून टाकतो: पुंगळी म्हणजे पितळी केस, गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, दारू म्हणजे पावडर, प्रायमर म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, आणि हे सगळं मिळून काडतूस. प्रेस म्हणजे हँडल दाबून पुंगळी डायमध्ये ढकलणारं यंत्र.

आता मापं. .३८ स्पेशल १८९८ ची, .३५७ मॅग्नम १९३५ ची, दोन्ही स्मिथ अँड वेसनच्या घरातल्या. पुंगळीचा बाहेरचा व्यास दोघींचा ०.३७९ इंच, बुडाची कड सारखी, गोळी सारखी, पुंगळीचं बूड धरणारा शेल होल्डरही एकच (ली कंपनीचा १ नंबर, आरसीबीएस कंपनीचा ६). फरक लांबीत आहे. .३८ ची पुंगळी जास्तीत जास्त १.१५५ इंच, .३५७ ची १.२९०. म्हणजे ०.१३५ इंच, साडेतीन मिलिमीटरला थोडं कमी. ही वाढ मुद्दाम ठेवलेली आहे, मॅग्नम चुकून जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊ नये म्हणून. आपली सगळी डोकेदुखी या ०.१३५ इंचांत आहे.

वापरून फुगलेली पुंगळी आवळून मापात आणणाऱ्या सायझिंग डायचं आधी बघू, कारण दोष नेहमी तिलाच दिला जातो आणि ती बिचारी जवळजवळ नेहमीच निर्दोष असते. कार्बाइडची रिंग पुंगळीच्या तोंडापासून बुडापर्यंत घासत जाते. पुंगळी लांब असो की आखूड, डाय शेल होल्डरपर्यंत उतरलेली असते आणि रिंगेचा व्यास बदलत नाही, त्यामुळे दोन्ही पुंगळ्या सारख्याच बाहेर येतात. जुना प्रायमर काढणारी पिनही बुडापासूनच्या अंतरावर चालते, तिला तोंडाची उंची कळतच नाही. ही डाय एकदा लावली की अदलाबदलीत तिला हात लावायचा नाही. एक जपायचं: कार्बाइड कडक असतं तितकंच ठिसूळ, म्हणून डाय शेल होल्डरवर दाबून बसवू नये. कागद जाईल एवढी फट ठेवावी. रिंगेला तडा गेला की प्रत्येक पुंगळीवर उभी रेघ उमटायला लागते, आणि ती पॉलिशने जात नाही.

एक्सपांडर डाय पुंगळीचं तोंड सनईच्या तोंडासारखं किंचित उघडते, म्हणजे गोळी न खरवडता बसते. ती .३८ साठी लावलेली असताना मॅग्नमची पुंगळी घातली, तर प्लग ०.१३५ इंच जास्त खोल जातो. तोंड इतकं पसरतं की पुढच्या डायमध्ये शिरतच नाही, आणि चार-पाच वेळा भरलेल्या पितळाला तिथेच चीर पडते. उलट केलं, म्हणजे मॅग्नमसाठी लावलेल्या डायमध्ये .३८ घातली, तर तोंड उघडतच नाही. मग शिशाची गोळी बसवताना तिची कड सोलली जाते आणि बाकावर शिशाच्या बारीक रिंगा पडलेल्या दिसतात. अशा रिंगा दिसल्या तर गोळ्यांच्या दर्जावर घसरण्याआधी एक्सपांडरची उंची बघा.

सीटिंग डाय खरी खोडकर. ती दोन कामं करते: वरची दांडी गोळी खाली ढकलते, आणि डायच्या पोटातली एक पायरी पुंगळीचं तोंड आत वळवते, म्हणजे क्रिंप करते. .३८ च्या उंचीवर लावलेल्या डायमध्ये मॅग्नम गेली की रॅमचा (शेल होल्डर वर नेणारा प्रेसचा दांडा) ०.१३५ इंच प्रवास बाकी असतानाच तोंड त्या पायरीला टेकतं. हँडल पुढे दाबत राहिलं की पितळाला जायला जागा नसते. ते तोंडाखाली बाहेर फुगतं, नाहीतर खांद्यासारखं दुमडतं. हाताला हे आधी कळतं: नेहमी शेवटच्या बोटभर अंतरात येणारा जोर आता बराच आधी लागतो. तिथेच थांबायचं. उलट बाजूला, मॅग्नमच्या उंचीवरच्या डायमध्ये .३८ गेली तर तोंड पायरीपर्यंत पोचतच नाही. सनई तशीच राहते, गोळी ०.१३५ इंच जास्त बाहेर राहते, आणि तिला धरून ठेवायला क्रिंप नसते. असं काडतूस सिलिंडरमध्ये अडकतं. किंवा त्याहून वाईट, आत जातं, आणि दोन-तीन बारांच्या धक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडर फिरायचा थांबतो.

म्हणजे दुरुस्ती एकच: या दोन डाय अदलाबदलीच्या वेळी बरोबर ०.१३५ इंच वर-खाली व्हायला हव्यात. अंदाजाने नाही, बरोबर.

यासाठी पैसे खर्च न करता होणारा उपाय डायच्या आट्यांतच आहे. नेहमीच्या सगळ्या डाय ७/८ इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आट्यांच्या असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे इंचाचा चौदावा भाग, ०.०७१४ इंच. ०.१३५ ला याने भागलं की १.८९ येतात. म्हणजे .३८ वरून .३५७ वर जाताना डाय दोन फेरे वर घ्यायची आणि साधारण ४० अंश परत खाली आणायची. डायच्या माथ्यावर मार्करची एक रेघ आणि प्रेसवर दोन रेघा मारल्या की काम झालं. माझ्या मते प्रत्येकाने एकदा तरी हे असं करून बघावं. ०.१३५ इंच म्हणजे नक्की किती, हे मग हाताला कायमचं कळतं.

रोज मात्र हे कंटाळवाणं होतं, आणि कंटाळलेल्या माणसाने रिलोडिंग करू नये. तेव्हा स्पेसर. लॉक रिंग (डायची उंची पक्की करणारी रिंग) आणि प्रेस यांच्यामध्ये टाकायची ०.१३५ इंच जाडीची एक चकती, बस्स. रेडिंग कंपनीच्या स्पेसर संचात ०.१३५ ची एक चकती .३८/.३५७ साठी आणि ०.१२५ ची .४४ स्पेशल/मॅग्नमसाठी येते. ओळखीचा लेथवाला असेल तर तोही करून देईल, फक्त दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात. डाय चकतीशिवाय .३८ साठी लावायची. मॅग्नम भरायची तर डाय काढून चकती टाकून परत बसवायची. लांब पुंगळीला चकती, आखूडला नाही. हे उलटं झालं की वरचे सगळे प्रकार पुन्हा सुरू.

आणि तरीही चकती टाकून जमत नाही असं सांगणारे असतात. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट लॉक रिंगवर येऊन थांबते. काही स्वस्त संचांमध्ये लॉक रिंगेच्या खाली रबराची ओ-रिंग असते आणि रिंग डायला घट्ट बांधलेली नसते. डाय काढली की रिंग फिरते, आणि रिंग फिरली की मुळातली उंचीच गेली. मग चकती कितीही अचूक असू दे. बाजूला स्क्रू असलेली, डायला चिमटा घेणारी लॉक रिंग घ्या. हॉर्नडीच्या, फॉर्स्टरच्या अशा मिळतात. चार रिंगांच्या किमतीत अर्धी तक्रार मिटते. ज्या रिंगेचा स्क्रू थेट डायच्या आट्यांवर टेकतो, तिच्यात स्क्रूखाली शिशाचा एक छर्रा टाकावा, आटे खराब होत नाहीत.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. चकतीने डायचं सगळं अंग उचललं जातं, आतली दांडीही तितकीच. म्हणजे गोळी तीच असेल तर तोंडापासूनची खोली तीच राहते, दांडीला हात लावावा लागत नाही. १५८ ग्रेन वजनाची जॅकेटवाली (शिशावर तांब्याचं आवरण असलेली) गोळी तिच्या खाचेत क्रिंप केली की .३८ मध्ये एकूण लांबी साधारण १.४५५ इंच येते आणि .३५७ मध्ये १.५९० इंच. फरक तोच, ०.१३५. पण खरं सांगायचं तर दोन्हींत तीच गोळी कोण वापरतं? बहुतेक जण .३८ मध्ये कागदावर नेम मारायला शिशाची सपाट तोंडाची वॉडकटर घालतात आणि .३५७ मध्ये जॅकेटवाली. वॉडकटर जवळजवळ पूर्ण पुंगळीत बुडते. तिथे दांडी बदललीच पाहिजे, आणि दांडी फिरवली की चकतीचा हिशेब एकट्या क्रिंपपुरता उरतो. त्यात वॉडकटर खोल जाते तिथे पुंगळीची भिंत जाड व्हायला लागलेली असते, त्यामुळे पोटाशी येणारा फुगवटा क्रिंपचा नसतोच, तो गोळीच्या बुडाचा असतो. दोन फुगवटे वेगळे ओळखता आले पाहिजेत: तोंडाला लागून असेल तर क्रिंप जास्त, मधोमध असेल तर गोळी खोल. मधला फुगवटा एका बाजूलाच असेल तर गोळी तिरकी शिरली, म्हणजे तोंड पुरेसं उघडलं नव्हतं.

एकूण लांबीबद्दल आणखी एक. .३८ ची कमाल लांबी १.५५० इंच आणि .३५७ ची १.५९०, म्हणजे तिथे फक्त ०.०४० चं अंतर आहे. .३८ मध्ये व्यवस्थित बसणारी लांब नाकाची शिशाची गोळी त्याच खाचेत .३५७ मध्ये क्रिंप केली, तर काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधून नाक बाहेर डोकावतं. तो डायचा दोष नाही आणि चकतीने जाणारही नाही. गोळी बदला.

या सगळ्यात मला सगळ्यात उपयोगी वाटणारी वस्तू म्हणजे डमी. दोन्ही काडतुसांचं एकेक नमुना काडतूस तयार करा, दारू नाही, प्रायमर नाही, पण लांबी आणि क्रिंप अगदी हवी तशी. पुंगळीच्या अंगाला आरपार भोक पाडा, म्हणजे ते खऱ्यात मिसळणार नाही. अदलाबदल करताना डमी शेल होल्डरमध्ये ठेवून रॅम पूर्ण वर घ्यायचा, दांडी वर घेऊन ठेवायची, डाय हाताने खाली फिरवत न्यायची. पायरी डमीच्या तोंडाला टेकली की थांबायचं, लॉक रिंग कसायची. मग दांडी गोळीला टेकेपर्यंत खाली. मिनिटभराचं काम. चकती असली तरी सत्राची सुरुवात डमीने तपासून करावी.

डमीने बरोबर लावूनही क्रिंप एका काडतुसात घट्ट आणि दुसऱ्यात सैल येत असेल, तर दोष पुंगळ्यांत आहे. व्हर्नियर घ्या आणि डब्यातल्या दहा-बारा पुंगळ्या मोजा. रेंजवरून गोळा केलेल्या सरमिसळ पितळात ०.०१० इंचाचा फरक सहज सापडतो, आणि क्रिंपचा सगळा खेळच तेवढ्यात आटोपतो. लांब पुंगळीवर तोच डाय जास्त वळवतो, आखूडवर स्पर्शही करत नाही. एकाच मापाला कापून घ्या: .३८ साठी १.१४५ आणि .३५७ साठी १.२८० हे नेहमीचे आकडे. कंटाळा असेल तर निदान बुडावरच्या कंपनीच्या शिक्क्याप्रमाणे ढीग वेगळे करा. सरळ अंगाच्या रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या फारशा लांबत नाहीत, त्यामुळे एकदा कापल्या की बरेच दिवस बघावं लागत नाही.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठी माझा सरळ सल्ला: पूर्ण दुसरा संच घेऊ नका, फक्त आणखी एक सीटिंग डाय घ्या. महाग असते ती कार्बाइडची सायझिंग डाय, आणि ती तर दोघांत छान चालते. शिवाय गोळी बसवणं आणि क्रिंप करणं दोन वेगळ्या फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत डाय इतकी वर की पायरी तोंडाला लागूच नये, फक्त दांडी काम करेल. दुसऱ्या फेरीत दांडी काढून टाका, फक्त क्रिंप. गोळी सरकत असतानाच तोंड तिच्यात रुतणं, हे दुमडलेल्या पुंगळीचं मूळ कारण असतं, आणि दोन फेऱ्यांत ते उरतच नाही. वेगळी क्रिंप डाय मिळते ती याचसाठी. डिलनसारख्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (हँडलच्या एका फेरीत सगळ्या डाय चालवणारी) डाय धरणारं जास्तीचं टूलहेड, टरेट प्रेसवर जास्तीची प्लेट, असा खर्च महिन्यातून दोन-चारदा अदलाबदल करणाऱ्याला परवडतो. वर्षातून दोनदा करणाऱ्याला चकती पुरे.

एक विचित्र प्रकार जुन्या, फक्त ‘.३५७ मॅग्नम’ असं नाव कोरलेल्या डायमध्ये दिसतो. डाय कितीही खाली आणली तरी .३८ ला क्रिंप लागतच नाही. कारण डायचं तोंड शेल होल्डरला टेकतं आणि पायरी अजून वरच असते. अशा डायचं अंग मॅग्नमच्या हिशेबाने लांब ठेवलेलं असतं. इथे फिरवून काही होत नाही. एकतर लेथवर खालून अंग कमी करून घ्या, नाहीतर दोन्ही नावांची डाय घ्या. मी दुसरं सुचवेन.

आता ज्या तक्रारीचा डायशी काही संबंधच नाही ती. .३८ नीट जातात, .३५७ शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडतात. लोक सायझिंग डाय खाली-वर करत बसतात. आधी एवढं करा: फक्त सायझिंग केलेली रिकामी मॅग्नमची पुंगळी चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतुसाचं घर) टाका. मग तोंड उघडलेली. मग डमी. ज्या पायरीनंतर अडायला लागेल तिथली डाय दोषी. पण पहिलीच अडली, आणि दुकानातून आणलेलं कारखान्याचं मॅग्नमही अडलं, तर डाय सोडा आणि टॉर्च घ्या. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ मारत राहिलं की आखूड पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे कार्बन आणि शिसं यांची एक कडक रिंग जमते. लांब पुंगळीला नेमकं त्या रिंगेवरूनच जावं लागतं. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे तपासून सिलिंडर बाहेर काढा, चेंबरमध्ये सॉल्व्हंट मुरू द्या, जरा जाड मापाचा ब्राँझ ब्रश घाला आणि घासा. या रिंगेवर काडतूस अंगठ्याने रेटून बसवू नका. तिथे तोंडाला उघडायला जागा कमी मिळते आणि दाब वाढू शकतो. आणि .३८ मारून झाल्यावर त्याच दिवशी मॅग्नम घालायची असेल तर मध्ये एकदा ब्रश फिरवा.

हेच गणित बाकीच्या जोड्यांना. .४४ स्पेशल (१९०७) १.१६० इंच आणि .४४ मॅग्नम (१९५५) १.२८५. फरक ०.१२५, म्हणजे डायचे नेमके पावणेदोन फेरे. .४० एस अँड डब्ल्यू ०.८५० आणि १० मिमी ऑटो ०.९९२. फरक ०.१४२, म्हणजे अगदी दोन फेरे, यापेक्षा सोपं काय हवं. पण तिथे दोन गोष्टी वेगळ्या. ही पिस्तुलाची काडतुसं पुंगळीच्या तोंडावर टेकतात, त्यामुळे क्रिंप आत वळवायची नाही, फक्त सनई सरळ करायची, म्हणजे टेपर क्रिंप. आणि .४० ला लहान प्रायमर, १० मिमीला मोठा. प्रायमरचा दांडा बदलायला विसरलात तर डायला शिव्या देऊ नका. .४५ कोल्ट (१.२८५) आणि .४५४ कॅसल (१.३८३) डाय वाटून घेतात. तिथे प्रायमरच्या आकाराचाच नाही तर प्रकाराचाही फरक आहे, कॅसलला लहान रायफल प्रायमर लागतो, आणि कमाल दाब १४,००० विरुद्ध ६५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). .४५ एसीपी आणि .४५ ऑटो रिम यांना लांबीची कटकट जवळजवळ नाही, फक्त जाड कडेसाठी शेल होल्डर वेगळा.

.३२ चं घराणं आपल्याकडच्यांना जवळचं, कारण कानपूरच्या सरकारी कारखान्याची परवानाधारकांसाठीची रिव्हॉल्व्हर .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचीच. अमेरिकेत या पुंगळीला लांबवत नेऊन .३२ एच अँड आर मॅग्नम आणि मग .३२७ फेडरल मॅग्नम झाली: ०.९२०, १.०७५, १.२००. तीन पायऱ्या, दोन चकत्या, ०.१५५ आणि ०.१२५. इथे डमी तीन करा आणि प्रत्येकीवर नाव कोरा, कारण नजरेने फरक लवकर कळत नाही.

‘सारखी दिसतात म्हणून त्याच डायवर’ हा हट्ट मात्र कुठे सोडायचा हेही माहीत हवं. गोळीचा व्यास जुळला म्हणून डाय जुळत नाही, पुंगळीच्या भिंतीचा बाहेरचा व्यास आणि तिचा निमुळतेपणा जुळला पाहिजे. ९ मिमी लुगर आणि .३८० एसीपी दोन्हींची गोळी ०.३५५ ची. पण ९ मिमीची पुंगळी बुडाला ०.३९१ आणि तोंडाला ०.३८०, निमुळती. .३८० ची जवळजवळ सरळ, ०.३७४. ९ मिमीची सायझिंग डाय .३८० ला पुरेसं आवळतच नाही, गोळी सैल राहते आणि पिस्तुलात वर सरकताना आत ढकलली जाते. आखूड जागेत गोळी आत गेली की दाब झपाट्याने चढतो. .३८० ची सायझिंग डाय वेगळीच घ्या.

.३८ एस अँड डब्ल्यू हे तर नावानेच फसवणारं. ब्रिटिशांच्या वेब्ली आणि एनफील्डच्या .३८ रिव्हॉल्व्हरचं हे काडतूस. पुंगळी ०.७७५ इंच, बुड ०.३८६, गोळी ०.३६१. .३८ स्पेशलची सायझिंग डाय तिला गरजेपेक्षा फार जास्त आवळते, आणि मग जाड गोळी बसवताना पुंगळी चिरते. दोन्हींत ‘.३८’ सोडून काहीही समान नाही. .३८ शॉर्ट कोल्टची गंमत उलटी. तिचं अंग .३८ स्पेशलचंच आहे, म्हणून सायझिंग त्या डायवर उत्तम होतं, पण पुंगळी इतकी आखूड (०.७६५) की सीटिंग डाय तिथवर पोचत नाही. आठ बारांच्या रिव्हॉल्व्हरने स्पर्धा खेळणारे म्हणून ९ मिमीच्या सीटिंग आणि क्रिंप डाय वापरतात.

डाय दोघांत चालते, दारूचा तक्ता चालत नाही. .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय आणि .३५७ ची ३५,०००. अदलाबदलीच्या दिवशी सगळं लक्ष लॉक रिंगेवर असतं आणि दारूचं माप मागच्या वेळचंच राहतं, हा खरा धोका. म्हणून डाय बदलायच्या आधी दारूचं माप (दारू मोजून टाकणारं साधन) रिकामं करा, डबा बंद करून कपाटात ठेवा. नव्या काडतुसाचं पान छापील मॅन्युअलमधून उघडा, माप वजनकाट्यावर नव्याने लावा, आणि मगच डायला हात घाला. या लांब पुंगळ्यांत वेगाने जळणारी दारू तळाशीच राहते, दुप्पट पडली तरी मावते आणि वरून ओसंडत नाही. तेव्हा गोळी ठेवण्याआधी ठोकळ्यावरच्या प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकवायचं.

फुगलेली, दुमडलेली काडतुसं आधीच तयार झाली असतील तर ती सायझिंग डायमधून परत दाबू नका. आत जिवंत प्रायमर आणि दारू आहे. चष्मा लावून हातोडीच्या बुलेट पुलरने (आपटून गोळी उपसणारं साधन) एकेक सोडवा. दारू कुठली याची शंभर टक्के खात्री नसेल तर फेकून द्या. गोळीवर खोल वळ नसेल तर ती पुन्हा वापरता येते. तोंडाखाली दुमडलेली पुंगळी भंगारात. नुसती किंचित फुगलेली असेल तर प्रायमर रेंजवर रिकामाच फोडून मग सायझिंग करा, आणि त्या पुंगळ्या .३८ च्या हलक्या भरणासाठी वेगळ्या ठेवा. मॅग्नमच्या असतील तर निशाणी करून एकदाच वापरा आणि तोंडाला चीर आहे का बघून टाकून द्या.